डोर्लेकरांच्या रक्तातलं लोखंड

आमच्या रक्तपेढीत माणसं दोनच कामांसाठी येतात. रक्त द्यायला, नाहीतर न्यायला. डोर्लेकर काका आले ते रक्त काढून टाकायला. हातात एका डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती आणि ती त्यांनी माझ्या टेबलावर अशी ठेवली, की जणू रक्तपेढीवर जप्तीच आली असावी. मी वाचत होते तोवर ते उभे राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, "वाचलीत? आता हितं सही करा. तारीख घाला. वेळसुद्धा."

"काका, सही पेशंटची लागते," मी म्हटलं.

"ती मी करतोच. पण कागद तुमच्या हातात पडला याची पोच नको?"

मी इथं तंत्रज्ञ आहे, म्हणजे सुया टोचायचं काम माझं. त्या कामात पोच मागणारा मनुष्य मला तोवर भेटला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, की हे अनंत डोर्लेकर, कोर्टातले निवृत्त बेलीफ. रत्नागिरी तालुक्यातल्या घराघरांत समन्स आणि नोटिसा पोचवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. वाडीत त्यांची स्कूटर दिसली की बापे मागीलदारानं पसार व्हायचे आणि बायका अंगणात येऊन सांगायच्या, "ते मुंबईला गेलेत." काका म्हणायचे, "हां हां, गेले असतील," आणि शांतपणे मागच्या बाजूला जाऊन उभे राहायचे. तिथं मुंबईला गेलेला इसम लुंगी सावरत येऊन त्यांच्या अंगावर आपटायचा. एकही बजावणी त्यांनी परत नेली नाही, असं बेलिफांना कामं वाटून देणारे नाझरसाहेबसुद्धा सांगत. काकांना ते कुणी सांगितलेलं फार आवडायचं.

त्यांच्या आजाराचं नाव हिमोक्रोमॅटोसिस. नाव मोठं आहे, पण प्रकार साधा. आपलं शरीर जेवणातलं लोह गरजेपुरतं घेतं आणि बाकीच्याला वाट दाखवतं. या आजारात जन्मापासून शरीराला नको म्हणता येत नाही. येईल तितकं लोह आत घेतलं जातं, ते यकृतात, हृदयात, सांध्यांत साठत राहतं आणि वर्षानुवर्षांनी एकेक अवयव बिघडवतं. उपाय म्हणजे रक्त काढणं. काढलेलं रक्त भरून काढायला शरीर साठ्यातलं लोह वापरतं आणि साठा हळूहळू उतरतो. म्हणून दर शनिवारी काका यायचे, बाही वर करायचे, आणि मी त्यांची एक पिशवी भरायची. समोर भिंतीवर पोस्टर होतं, एक हसरी बाई हिरव्या पालेभाज्यांची टोपली घेऊन "लोह वाढवा" असं बजावणारी. त्या बाईकडे बघत काका लोह कमी करत बसायचे.

"सगळ्या जिल्ह्याला कमी पडतंय गो बाय," ते म्हणायचे, "आणि सगळं येऊन माझ्यात बसलंय."

हे कळायला मात्र नऊ-दहा वर्षं गेली. दोष कुणाला द्यावा असा माझा त्या काळात रोजचा प्रश्न असायचा, कारण दोष द्यायला मला आवडतं. काकांना थकवा यायचा. लोक म्हणाले, बेलिफाची नोकरी, पायपीट, थकणारच. कातडी काळपट, तांबूस झाली. लोक म्हणाले, उन्हातान्हात हिंडतो, रापलाय. दोन्ही हातांच्या पहिल्या दोन बोटांचे सांधे सुजले. लोक म्हणाले, स्कूटरचं हँडल. एकूण काय, आजाराची सगळी लक्षणं नोकरीच्या नावावर जमा झाली. आणि थकवा म्हणजे रक्त कमी, हे तर आपल्याकडे बारशाला आलेल्या बायकांनाही माहीत असतं. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवायच लोहाचं लाल टॉनिक लिहून दिलं आणि काकांनी ते कोर्टाचा हुकूम पाळावा तसं वर्षानुवर्षं घेतलं. शेवटी ते डॉक्टर परगावी गेले असताना त्यांच्या जागी आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचे हात हातात घेऊन पाहिले आणि अंगातला लोहाचा साठा सांगणारी फेरीटिन नावाची तपासणी लिहून दिली. आकडा आला तेव्हा लॅबवाल्याला यंत्र बिघडलं असं वाटलं होतं.

घरी काकींची पंचाईत वेगळीच झाली. नवरा थकतो म्हणून त्या माउलीनं बीट, खजूर, नाचणीचं सत्त्व, सगळं लोखंडी कढईत शिजवून घातलं होतं. आजार कळल्यावर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कढई, तवा, पळी उचलून पडवीत नेऊन ठेवली आणि ॲल्युमिनियमच्या टोपात भाजी करायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की काकी, खरा दोष जन्माचा आणि वरून टॉनिकचा, कढईचा त्यात वाटा फार नाही. काका घरी येऊन गंभीरपणे म्हणाले, "कढई निर्दोष सुटली." काकी हसल्या नाहीत, पण कढई आत आली. नवऱ्याची भाजी तेवढी त्या टोपातच करत राहिल्या.

जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह थोडं कमी शोषलं जातं, असंही डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या. काकांना बोलता बोलता सांगितलेलं चालत नसे. त्यांनी तो आदेश धरला. बांगड्याचं कालवण, भात आणि शेजारी कपभर कोरा चहा, असं ताट रोज सुरू झालं. काकी मला म्हणाल्या, "माशाच्या जेवणाबरोबर च्या पिणारी माणसं मी माझ्या जन्मात बघितली नव्हती. आता एक रोज बघतेय."

आणि रक्त काढून झाल्यावर आमच्याशी रोखठोक भांडण. रक्तदात्याला आम्ही बिस्किटाचा पुडा देतो. काकांचं रक्त नियमाप्रमाणे टाकून द्यावं लागे, म्हणून पहिल्या शनिवारी कुणी पुडा दिला नाही. काकांनी लेखी अर्ज केला. 'अर्जदाराचे रक्त आपण स्वीकारता किंवा कसे, हा आपला प्रश्न आहे. अर्जदाराने ते दिलेले आहे.' वाचून आमचे साहेब हसत सुटले आणि पुडा मंजूर झाला. काका तो तिथं खात नसत. शेजारी रक्त द्यायला आलेल्या एखाद्या घाबरलेल्या कॉलेजच्या पोरीला द्यायचे.

हे सगळं मजेत चाललं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट सांगितली आणि निवृत्त बेलीफ पुन्हा कामावर रुजू झाला. आईबाप दोघांकडून बिघडलेली एकेक प्रत आली की हा आजार होतो. म्हणजे काकांच्या सख्ख्या भावंडांतही प्रत्येकाला तो असण्याची शक्यता चारात एक. वेळेत कळलं तर नुसतं रक्त काढून माणूस ठणठणीत राहतो. उशीर झाला तर यकृत जातं, नाहीतर हृदय. भावंडांना कळवा, लवकर कळवा, असं बाई म्हणाल्या.

"कळवतो म्हणजे?" काका म्हणाले. "बजावतो."

काकांना भावंडं दोन. लांज्याला दिलेली धाकटी बहीण सुलभा, आणि मालगुंडला थोरला भाऊ मोरेश्वर. मुंबईतल्या मुलाला फोनवर दम भरून झाला होता; त्याच्यात एकच बिघडलेली प्रत निघाली, त्याला काही त्रास व्हायचा नव्हता.

सुलभाताईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाऊ हातात लखोटा घेऊन येताना पाहिला आणि चूल तशीच टाकून मागच्या काजूच्या बागेत पळाल्या. बेलिफाची सख्खी बहीण ती, लखोटा दिसला की पळायचं हे तिच्या हाडात मुरलेलं. बागेत दुसऱ्याच झाडाखाली काका उभे होते.

"भाऊ, माझ्यावर कसला दावा?" त्या जवळजवळ रडकुंडीला आल्या.

"आईबापाचा," काका म्हणाले. "बाही वर कर."

पुढच्या शनिवारी त्या लांज्याहून एसटीनं आल्या. तपासणीत आजार निघाला, पण नुकता कुठं साठा व्हायला लागलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकांची पाळी सुरू असते तोवर ते थोडंफार आपोआप बाहेर जातं, म्हणून बायकांना उशिरा त्रास होतो. तुम्ही अगदी वेळेवर आलात. ताईंनी काकांकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला उगाच खिडकीचं दार नीट करायला जावं लागलं. त्या दिवसापासून शनिवारच्या बाकावर दोघं झाली.

मग बाक भरत गेला. डॉक्टरीणबाईंकडे जिल्ह्यातून असे आणखी दोन-तीन रुग्ण आले होते आणि प्रत्येकाच्या मागे न तपासलेलं घर होतं. बाईंनी रुग्णांना विचारून काकांना त्या घरांत पाठवायला सुरुवात केली. मला त्यात एकच गंमत वाटायची. ज्या माणसानं आयुष्यभर भर वाडीत मोठ्यानं नाव पुकारलं, तो आता घरात शिरून आवाज खाली आणायला शिकला होता. कारण रक्तातला दोष म्हटलं, की घरात लग्नाची मुलगी असली तर दारंच बंद होतात. एका घरी मुलीच्या आईनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ती म्हणाली, "मुलीचं बघतोय आम्ही. बाहेर कळलं तर कोण करील तिला?"

काकांनी बाही वर केली. टोचल्याच्या खुणा दाखवल्या. "वहिनी, पोरी बघायला येणारे काय विचारतात? रक्त कमी नाय ना? तुमच्या लेकीला असलंच तर जास्त असेल. आणि तपासलं, काढलं, तर तिला काय व्हायचं नाय. न तपासता सासरी पाठवलीत तर मात्र माझ्यासारखी टॉनिक पीत बसेल." ती बाई आधी चिडली आणि मग तिला हसू आलं. मुलगी त्याच शनिवारी आली. होणाऱ्या सासरी पुढं तिनं स्वतःच सगळं सांगितलं, आणि तो मुलगाच तिला सोडायला यायला लागला.

नव्यांना काका बाकावर आपल्या शेजारी बसवायचे. सुई जाताना कुठं बघायचं, नंतर किती वेळ उठायचं नाही, घरच्यांनी टॉनिक पुढं केलं तर काय उत्तर द्यायचं, हे सगळं सांगायचे. शिंपल्यातली कच्ची कालवं कुणी हौसेनं दिली तरी खायची नाहीत, हे तर बोट उगारून सांगायचे. आमच्या किनाऱ्यावर खडकावरून काढलेलं कालव तिथंच तोंडात टाकणारे बहाद्दर आहेत, आणि ज्याच्या अंगात लोह जास्त त्याला त्यातला जंतू जिवानिशी मारू शकतो. "मुंबईच्या पाव्हण्यांना खाऊ दे," काका म्हणायचे. मी रागावले की म्हणायचे, "बरं, त्यांनाही नको."

राहिला मालगुंडचा भाऊ.

मोरेश्वर डोर्लेकर, म्हणजे काकांचे दादा, खानावळ चालवत. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच अनंताला शिकवलं होतं, कोर्टातल्या नोकरीचा अर्जही दादांनीच कुणाकुणाच्या हातापाया पडून पुढं सरकवला होता. पुढं दादांनी किनाऱ्याजवळ दुसऱ्याच्या जागेत छप्पर घालून खानावळ काढली. जागेवाल्यानं दावा जिंकला आणि कब्जा घेण्याचं वॉरंट निघालं. नेमका त्या भागाचा बेलीफ रजेवर. कागद काकांच्या टेबलावर आला. 'सख्खा भाऊ आहे, दुसऱ्याला द्या,' एवढं म्हणाले असते तर नाझरांनी लगेच दिलं असतं. काका म्हणाले नाहीत. बिल्ला लावला आणि गेले.

दादांनी काही आरडाओरडा केला नाही. चुलीवरचं पातेलं स्वतःच्या हातानं उतरवलं आणि पंचनामा लिहायला बसलेल्या धाकट्या भावाला सांगायला लागले, "लिही. पातेली चार. परात एक. कलथे दोन. भाऊ एक." त्यानंतर अकरा वर्षं ते काकांशी बोलले नव्हते.

तुम्ही का गेलात, असं मी एकदा विचारलं. "परक्यानं भांडी रस्त्यावर फेकली असती. मी पुसून नीट रचून ठेवली," काका म्हणाले. मला ते पटलं. पुढं कधीतरी, पिशवी भरत असताना, मी काही विचारलेलं नसताना ते छताकडे बघत म्हणाले, "तोवर एकही बजावणी परत गेली नव्हती ना गो. ती पहिली गेली असती." हेही खरं असणार. मला त्यांचा त्या दिवशी भयंकर राग आला होता आणि तरी मी कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला.

मालगुंडला पहिल्यांदा आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. काकांची गाडी चालवायची ताकद उरली नव्हती आणि शिवाय त्यांना पंच हवा होता. दादांनी आता आपल्या घराच्या पडवीतच चार टेबलं टाकली होती. आम्ही दिसताच पडवीतून कुणीतरी आत गेलं. वहिनी दारात आल्या. "ते घरात नाहीत."

आतून खोकला आला. पायरीवर चपला होत्या. वहिनींनी चपलांकडे पाहिलं, आम्ही पाहिलं, आणि मग तिघांनीही पाहिलं नाही असं केलं. काकांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र पुढं धरलं. वहिनींनी हात पदराखाली घेतले. त्यावर हा मनुष्य काय करील? मला म्हणाला, "तुझ्या डब्यात भात आहे काय?" माझ्या डब्यातली चार शितं घेऊन त्यांनी ते पत्र सख्ख्या भावाच्या दाराला डकवलं, मागं सरून नीट बसलंय का बघितलं, आणि माझी पंच म्हणून सही घेतली. "स्वीकारण्यास नकार दिल्याने दारास डकवून बजावणी केली," असं पुटपुटत ते स्कूटरवर बसले. मला हसू आवरेना.

आरे-वारेच्या चढावर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. खाली समुद्र होता, पण ते रस्त्याकडेच बघत होते. म्हणाले, "कोर्टात माणसानं कागद नाकारला तरी बजावणी झाली असं धरतात. हितं कसं धरायचं गो? दादाचं यकृत थोडंच कागद वाचणार आहे?" मी इतक्या महिन्यांत त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. सुलभाताईंना निघालं होतं, त्यांना स्वतःला निघालं होतं. दादा वयानं सगळ्यांत मोठे. असलाच आजार तर तो सत्तर वर्षांचा जुना.

पुढच्या गुरुवारी ते एकटेच एसटीनं गेले आणि खानावळीत जेवायला बसले. खानावळवाला गिऱ्हाइकाला उठवत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. दादा आतून ताट वाढत, वहिनी आणून ठेवत. काका काही बोलत नसत. जेवत, कोरा चहा मागत, हात धुऊन निघत. असे कितीतरी गुरुवार गेले. एकदा शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यांनी हे माशांबरोबर चहाचं ताट बघितलं आणि ही इथली खास पद्धत असणार असं समजून सगळ्यांसाठी चहा मागवला. वहिनी म्हणे आत जाऊन पदर तोंडाला लावून हसल्या. दादा हसले की नाही, ते काकांना दिसलं नाही. "पण पाच कप आले लगेच," ते मला म्हणाले, आणि त्यातच ते खूश होते.

वैशाखातल्या एका गुरुवारी वहिनी माहेरी गेलेल्या होत्या. वाढायला दादांनाच बाहेर यावं लागलं. उकाडा मरणाचा, म्हणून काकांनी कधी नव्हे त्या बाह्या वर केल्या होत्या. दादांनी आमटीची वाटी ठेवली आणि तिथंच उभे राहिले. कोपराच्या आतल्या बाजूला टोचल्याच्या खुणाच खुणा. सुजलेली बोटं. दादांनी ती बराच वेळ बघितली.

"काय झालाय हाताला?"

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. काकांनी वर न बघता सांगितलं, "तुझ्या हाताला झालाय तांच असंल. तुला तरी विळी कुठं धरवतेय?"

दादांनी आपली बोटं बघितली. मग आत जाऊन चहा घेऊन आले.

पंधरा दिवसांनी दादा आणि वहिनी रक्तपेढीत हजर झाले. काकांनी स्वतःला बाहेर व्हरांड्यात कोंडून घेतल्यासारखं भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. मी दादांचं रक्त घेतलं. शीर थेट धाकट्या भावासारखी. जाताना दादा म्हणाले, "तो रोज येतो काय हितं?" शनिवारी येतात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. व्हरांड्यातून जाताना दोघं भाऊ एकमेकांना बघून न बघितल्यासारखे राहिले.

अहवाल मीच आणला. काकांनी तो निकालपत्र वाचावं तसा वरपासून वाचला. मग माझ्या हातात दिला. "नाव बघ."

"मोरेश्वर डोर्लेकर."

"दुसरा कुणी मोरेश्वर आला होता काय त्या दिवशी?"

"नाही काका. त्यांचाच आहे. सगळं नॉर्मल आहे. दादांना काही नाही."

काका बाकावर बसले. आधी हसले, मोठ्यानं हसले, इतके की आतून साहेब बाहेर आले. आणि मग दोन्ही सुजलेल्या मुठी डोळ्यांवर धरून रडले. मीही रडले, सांगायला लाजत नाही. थोड्या वेळानं तोंड पुसून त्यांनी मला विचारलं, "मग आता मी गुरुवारी जाऊ कशाला?"

मी म्हटलं, अहवाल तरी पोचवायला हवा.

म्हणून आम्ही दोघं पुन्हा मालगुंडला गेलो. या वेळी पडवीत कुणी पळालं नाही. दादांनी नाकावर चष्मा चढवून कागद वाचला.

"म्हणजे मला काय नाय?"

"काय नाय," काका म्हणाले.

"मग बोटा कशानं दुखतात?"

"वय झालां. नारळ कमी सोल."

दादांनी कागदाची चौकोनी घडी घातली. "अकरा वर्सां नाय बोललो तुझ्याशी," ते म्हणाले. "बोललो तां पण फुकट गेला म्हणायचा."

आधी आतून वहिनी हसल्या. मग मी. मग हे दोन म्हातारे, एकमेकांकडे न बघता. माफी कुणी मागितली नाही, कुणी केलीही नाही. दादांनी आम्हाला जेवायला बसवलं आणि काकांच्या ताटाशेजारी न मागता कोरा चहा ठेवला.

दादांना एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. साऱ्या घराची तपासणी करत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या हृदयात लोह फार आधी जाऊन बसलं होतं. साठा उतरत होता, पण झालेली इजा भरून येणारी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. काकींना माहीत होतं, मला चिठ्ठीवरच्या नोंदीतून कळलं होतं. मार्गशीर्षात काका गेले. सुलभाताई आजही दोन-तीन महिन्यांनी लांज्याहून येतात, बाही वर करतात, आणि उत्तम आहेत. ती लग्न होऊन गेलेली मुलगीही येते. मला अजून त्या लाल टॉनिकच्या बाटलीचा राग येतो. औषधाच्या दुकानात ती दिसली की मी उगाच दुकानदाराशी वाकड्यात शिरते.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीनंतर, एसटी स्टँडवर. मी आईला गाडीत बसवायला गेले होते. काका मालगुंडच्या फलाटावर उभे होते, धुतलेला सदरा, केसांना तेल. चेहरा उतरलेला होता आणि दम लागत होता, पण ऐट सगळी होती.

"काका, आज तर रविवार. कुणाचं नवीन घर मिळालं काय?"

"नाय गो. दादाकडे चाललोय."

"काय काम काढलंत?"

त्यांनी जरा विचार केला. इकडे तिकडे बघितलं.

"काम काय नाय," ते म्हणाले. "असांच."

एवढं बोलून ते चक्क लाजले, आणि गाडी लागली म्हणून घाईघाईनं चढायला गेले.